जानकीबाईंची पाठ

बोरीवली,
ता. ९ फेब्रुवारी १९८६

ती. सौ. प्रेमाताईस,
कुंदाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि कोकमाची पिशवी दोन्ही पोचलं. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं.

आता बस आणि मग पुढे वाच, उभी असशील तर पडशील. जानकीबाई आली होती. हो, तीच! मला बघायला आलेली, मुलुंडची. आता मरोळला राहते म्हणे. परवा आमच्या हॉस्पिटलात, माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत, माझ्याच समोरच्या बाकावर येऊन बसली. बरोबर मुलगा श्यामकांत, सून माणिक आणि तेरा वर्षांची नात क्षमा. श्यामकांत म्हणजे त्या दिवशी शिऱ्याची बशी संपवून खाली मान घालून बसला होता तोच. मान अजून खालीच आहे, फक्त डोक्यावरचे केस गेलेत.

तुला काय सांगायचं, तू तिथेच होतीस. गजरा सरळ करते म्हणून माझ्या मागे आली आणि मानेपासून कमरेपर्यंत एकेका मणक्यावरून बोट फिरवलंन्. आईनं ब्लाउजला डाव्या बाजूनं आतून शिवलेली कापसाची गादी तिच्या हाताला लागली. सगळ्यांदेखत म्हणाली की मुलीची पाठ वाकडी आहे, वर कापूस भरून फसवताय, आमच्या वंशात असलं वाकडं नको. त्यानंतर आईनं कोणालाच बघायला बोलावलं नाही. गेली तीही तो अपमान उराशी घेऊनच. मी विसरलेली नाही.

तर ताई, त्यांच्या वंशात वाकडं आलं! क्षमाचा कणा माझ्यासारखाच उजवीकडे वळलाय. तिला पुढे वाकायला लावलं तर उजव्या बाजूच्या बरगड्या वर आल्या. यात मणके नुसते बाजूला सरकत नाहीत, पिळतात. बरगड्या मागून त्यांनाच जोडलेल्या, त्यामुळे त्याही ओढल्या जातात. दोराची शिडी पिळली की पायऱ्या एका अंगानं वर येतात ना, तसं. एकीकडे उंचवटा, दुसरीकडे खळगा. हे सगळं मी म्हातारीला सावकाश समजावून सांगितलं. छातीच्या पिंजऱ्याचा एक मणका वगळला नाही, बाराच्या बारा मोजून दाखवले. तिचा चेहरा उतरत चालला होता आणि खोटं कशाला बोलू, मला झकास वाटत होतं.

एकच गोष्ट डाचते. तिनं मला ओळखलं नाही. पांढरा कोट बघून अहो मॅडम, अहो मॅडम करत होती. जिनं माझ्या आयुष्याची वाट लावली, तिला माझं तोंडसुद्धा आठवू नये?

सासूबाईंना नमस्कार सांग. माया आहे तशीच असू दे, फक्त पत्राला उशीर करू नकोस.

तुझी,
कुंदा

*

कुडाळ,
ता. १८ फेब्रुवारी १९८६

चि. कुंदास,
प्रेमाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीपुढे वाचत होते आणि पेज उतू गेली. सासूबाई ओरडल्या, काय झाला म्हणून. मी म्हटलं, देव जागो झालो!

सोडू नको हां तिका! मी सांगते तसं कर. पाठीचा वाक धरून ठेवायला तो पट्टाबिट्टा बांधतात ना, तसलं काही सांगू नकोस त्यांना. काही झालेलं नाही, तेल चोळा, दूध पाजा, वाढत्या वयात जाईल आपोआप, असं म्हण. चार-पाच वर्षांनी त्या पोरीला बघायला येतील, तेव्हा कोणीतरी तिचाही गजरा सरळ करील. मग कळू दे म्हातारीला. पाहुणे गेल्यावर आईनं तो ब्लाउज उसवून गादी चुलीत घातली होती, ते तू बघितलं नाहीस. मी बघितलंय. कापूस जळेपर्यंत आई तिथून उठली नव्हती.

तू मऊ आहेस म्हणून भीती वाटते. लहानपणी मी तुझा लाडू खाल्ला तरी मलाच गोड लागला का विचारायचीस. इथे तसला वेडेपणा करू नकोस. तुझ्या हातात आयती आली आहे.

बाकी सगळी बरी आहेत. काजूला मोहोर चांगला आहे, मे महिन्यात येच. दोन ओळी लगेच टाक, तोवर मला घास गोड लागणार नाही.

तुझी,
प्रेमाताई

*

बोरीवली,
ता. ९ मार्च १९८६

ती. सौ. प्रेमाताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे सांगते की तुझ्यावर मी रागावले आहे. पोरीनं कोणाचं काय वाईट केलंय गं? तिची हाडं अजून वाढतायत. आत्ता पट्टा घातला तर वाक आहे तिथे थांबेल. नाही घातला तर बरगड्यांचा पिंजरा एका बाजूनं आवळत जाईल आणि चार पायऱ्या चढली की धाप लागेल. मला लागते ती तू ऐकली आहेस. मला वेळेवर कोणी पट्टा दिला नाही. सूड मलाही हवाच होता, पण म्हातारीवर, पोरीवर नाही.

आणि म्हातारीनं तो स्वतःहून हातात दिला. मंगळवारी सगळे पुन्हा आले. पट्टा आमच्या घरात चालणार नाही म्हणाली. कमरेपासून हनुवटीपर्यंत सळ्या लावून पोर शाळेत जायला लागली तर सोसायटीत तोंड कुठे लपवायचं? वर म्हणे हे वाकडं सुनेच्या माहेरचं, तेव्हा मायलेकींनी गावी माहेरी जाऊन राहावं, तिथे काय बांधायचं ते बांधावं. त्या खेड्यात पट्टा कोण बसवणार, आणि मूल वाढलं की तो कोण सैल करून देणार? माणिक रडत होती. श्यामकांतची मान खालीच. पोर एकदा आईकडे बघे, एकदा माझ्याकडे.

मी म्हटलं, बरं. हे घराण्यातून येऊ शकतं, म्हणून आम्ही घरच्यांचीही पाठ बघतो. खोटं नव्हतं ते, बघतोच. माणिक वाकली, पाठ पोळपाटासारखी सपाट. श्यामकांत वाकला, उजवीकडे जरासा उंचवटा. मग मी जानकीबाईकडे वळले. गुडघे दुखतात म्हणाली, उशीर होतोय म्हणाली, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलान्. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर होता. नातीसाठी एकदाच वाका, मी म्हटलं, अगदी गोड आवाजात.

ताई, तपासताना पडदा ओढायचा असतो. नोकरीला लागल्यापासून मी एकदाही चुकले नव्हते. त्या दिवशी मी पडदा ओढला नाही. मुद्दाम.

ती वाकली. मी मानेच्या मणक्यावर बोट ठेवलं आणि खाली येत गेले. डाव्या बाजूला ब्लाउजच्या आत हाताला मऊ लागलं. कापूस! चार पदरी, कडेनं टीप मारलेली गादी, आईची होती तशीच. आणि उजवीकडे नातीपेक्षा मोठा उंचवटा. मी सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हा वाक आजीकडून आलाय, सुनेच्या माहेरचा काही संबंध नाही, आणि आजींनी वर कापूस भरून इतकी वर्षं सगळ्यांना फसवलंय. माणिकचं रडणं थांबलं. श्यामकांतनं जन्मात पहिल्यांदा मान वर केली आणि पट्ट्याचं माप घ्या म्हणाला. मी तिथल्या तिथे घेतलं.

माप घेऊन झाल्यावर मी म्हातारीला माझं नाव सांगितलं. बोरीवलीचं घर म्हटलं, शिरा म्हटलं, आईचं नाव घेतलं. तिनं टेबलाची कड धरली. मी आधार दिला नाही. घरी आले आणि दोन बांगडे तळून खाल्ले, एकटीनं.

रागावले असले तरी पत्र दे. तुझ्याशिवाय हे मी कोणाला सांगू?

तुझी,
कुंदा

*

कुडाळ,
ता. १९ मार्च १९८६

चि. कुंदास,
अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग आईच्या फोटोपुढे बसून रडले, मग पुन्हा हसले. सासूबाईंना वाटलं मला झपाटलंय. पोरीबद्दल मी लिहिलं ते चुकलं. तिला आवळ्याचा मुरंबा पाठवते आहे, कोणी दिला ते सांगू नकोस.

पण अगो कुंदा, पडदा? पोटच्या मुलासमोर? मला वाटायचं आपल्या दोघींत खुनशी मीच. आणि मला एक कळत नाही. तिची स्वतःची पाठ तशी, मग आपल्या आईची लाज काढताना तिची जीभ झडली कशी नाही? आता तुझं मन निवलं का, ते खरं खरं लिही.

देवाला नारळ ठेवलाय, तुझ्या नावानं. सुखी राहा आणि जेवत जा.

तुझी,
प्रेमाताई

*

बोरीवली,
ता. ६ एप्रिल १९८६

ती. सौ. प्रेमाताईस,
सा. न. वि. वि.

क्षमाला पट्टा बसला. पहिले दोन दिवस जेवली नाही, पट्ट्याला शिव्या देत होती. आता मैत्रिणी त्याच्या चामड्यावर पेनानं नावं लिहितात म्हणे. माणिक घरातच आहे आणि आता सासूला उलटं बोलते, असं पोरगीनंच मला सांगितलं. मुरंबा तिनं इथेच बसून अर्धा संपवला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हातारीनंच दिलं. बुधवारी एकटी आली. तिच्या आईनं लग्नाआधी पहिली गादी शिवून दिली होती. नवरा जाईपर्यंत त्यालाही तिनं कळू दिलं नाही. आपलं वाकडं मुलात उतरलं असेल या धास्तीनं, त्यात सूनही तशी नको म्हणून श्यामकांतसाठी बघितलेल्या प्रत्येक मुलीची पाठ तिनं चाचपली. मी पहिली नव्हते आणि शेवटचीही नव्हते. पाठ कित्येक वर्षं ठणकते, आजवर कोणाला दाखवली नाही म्हणाली.

पडदा ओढला नाही याचं मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. मन निवलं का विचारशील तर नाही निवलं, पण आता रोज तिचं तोंड आठवत नाही एवढं खरं.

मी तिची पाठ शेकली. बरगड्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. निघताना तिनं हात जोडले आणि माफ केलं एवढं म्हण म्हणाली. मी तिला सांगितलं की पाठीसाठी दर बुधवारी यायचं, एकही चुकवायचा नाही. माफीसाठी यायचं नाही, ती इथे मिळणार नाही.

मे महिन्यात येते. तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,

कुंदा