घोडीखालची पट्टी

आबा,

तुम्ही गेल्यापासून खुंटीवर असलेली तुमची पेटी आज उतरवली. गिरणीतल्या साहेबाने टाकून दिलेली चिरूटाची पेटी, तिला तुम्ही बसवलेली सागाची दांडी, तीन तारा, आणि तारा टेकायला मागाच्या मोडक्या धोट्याच्या लाकडाची घोडी. तार दांडीपासून किती उंच हवी, हे तुम्ही पोस्टकार्डाने ठरवायचात. तारेखालून कार्ड अडत-अडत गेलं पाहिजे. मोकळं गेलं तर तार उंच. मग घोडी कानशीवर दोनदा घासायची, पुन्हा कार्ड. सुट्टीच्या सकाळी ओट्यावर तुमचं हेच चाले, आणि आई आतून म्हणायची, "लेकराला बी इतकं जपत न्हाईत!"

एवढं करूनही तार दांडीला घासायची, खरखरायची. तुम्ही पेटीची कड जबड्याखाली दाबून, डोळे मिटून वाजवत बसायचात. समोरचे टांगेवाले चाचा जाता जाता म्हणायचे, "उस्ताद, माशी अडकली की पेटीत! सोडा की बिचारीला." सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात, जरा उशिराने.

मी बारा वर्षांची होते. मला लाज वाटली. तुम्ही गिरणीत पाळीला गेल्यावर मी पोस्टकार्डाची दुहेरी पट्टी कापून घोडीखाली सारली. तार स्वच्छ बोलू लागली. संध्याकाळी तुम्ही पेटी जबड्याला लावलीत, एकदा छेडलीत, पुन्हा छेडलीत, आणि माझ्या मांडीवर ठेवलीत. "तूच वाजव. माझं झालं आता." त्यानंतर मी वाजवायची आणि तुम्ही माझ्या बोटांकडे बघत बसायचात.

गेल्या वर्षी, मी नर्सचं शिक्षण घेत असताना, डॉक्टरांनी गिरणीतल्या एका मागवाल्याचे कान तपासले. दोन पायांचा पोलादी चिमटा छेडून कानाजवळ धरला. त्याने नकाराची मान हलवली. तोच चिमटा जबड्याच्या हाडाला टेकवला, तसा तो म्हणाला, "हितं कळतंय की!" मी वहीत नोंद केली. अक्षर बिघडलं नाही.

गिरणीच्या मागखात्याच्या गोंगाटात तुमची फिटर म्हणून वीस वर्षं गेली होती. ती खरखर म्हणजे दोष नव्हता. जबड्याच्या हाडातून तुमच्यापर्यंत तेवढीच पोहोचत होती.

आज पट्टी काढली. कार्ड अडत-अडत गेलं. कानांत कापूस घालून पेटीची कड जबड्याखाली धरली. खरखर दातांपर्यंत आली. तुम्ही बाजूला बसला आहात असं वाटलं, तार थांबेपर्यंत. मग पुन्हा छेडली. बऱ्याच वेळा छेडली.

हा कागद पेटीत ठेवणार नाही, आवाज बदलेल.

एक राहिलं. त्या संध्याकाळी पेटी माझ्या मांडीवर ठेवण्याआधी तुम्ही विचारलं होतंत, "तू हात लावलास व्हय गं?" फिटरच्या बोटांना दोन कार्डांची उंची कळली नसेल, असं मी मानत नाही. पण मी "न्हाय आबा" म्हटलं, आणि तुम्ही बोटांपेक्षा माझं खरं धरलंत.