घडीच्या सायकलीचा अंतिम निर्णय

२ मार्च, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. माझी बाजू कुठेतरी नोंदलेली असावी. या घरात ती कोणी ऐकून घेत नाही.

ताईने काम सोपवलंय. व्हॅनमध्ये ठेवायला घडीची इलेक्ट्रिक सायकल निवडायची. ताई पाट्या रंगवते. बुटांच्या एका कंपनीने तिला गावोगावच्या दुकानांची शटरं रंगवायला दिलीत, तीन महिन्यांचं काम. त्यासाठी पूर्वी पाव पोचवणारी एक जुनी व्हॅन घेऊन तिने आत पलंग, ओटा, फळ्या ठोकल्या. कल्पना माझी, ठोकाठोक तिची. व्हॅन अरुंद गल्लीत शिरत नाही, म्हणून सायकल. २८ ला निघायचं. म्हणाली, एवढं एकच काम आहे तुझ्याकडे, आणि तेही बसून करायचं आहे.

टोमणा होता. लक्षात ठेवलाय.

२ मार्च, दुपार
बाबा म्हणाले, ताईबरोबर गेला नाहीस तर काकांच्या गोदामात कामाला लाग, पोती मोजायला माणूस हवाय त्यांना. मी हसलो. फार वेळ स्टिअरिंग धरलं की ताईचं मनगट सुजतं, मग ब्रश धरता येत नाही. दुसरा ड्रायव्हर हवाच. घरात लायसन्स फक्त तिच्याकडे आणि माझ्याकडे. बाबांचं डोळ्यांमुळे गेलं. आई तर गाडीत बसल्या बसल्या झोपते. म्हणजे माझ्याशिवाय व्हॅन हलत नाही.

पॉलिटेक्निक सोडलं तेव्हा जे जे हसले त्यांची यादी डोक्यात आहे.

५ मार्च
आमच्या रस्त्याच्या उताराखालच्या सायकलवाल्याकडे गेलो. मिशा झाडूएवढ्या. माल दाखवायच्या आधीच म्हणाला, चालवून बघा की. चालवून बघणं ही अडाण्यांची पद्धत. मी अभ्यास करून घेणारा माणूस आहे. त्याला मोटरचा टॉर्क विचारला. तो म्हणाला, चढ चढते. मी म्हटलं, टॉर्क विचारला. तो म्हणाला, चढ चढते.

असल्या लोकांच्या हातात देशाचा व्यापार आहे.

६ मार्च
इंटरनेटवर रिव्ह्यू वाचले. एकाने पाच स्टार दिलेत, सायकल घेऊन एक दिवस झालाय. दुसऱ्याने एक स्टार, कारण डिलिव्हरीवाला उद्धट होता. मूर्ख. त्यांना तसं लिहून कळवलं. त्यांनी उत्तरं दिली. मीही दिली. दिवस कामी आला.

९ मार्च
होडीत राहणाऱ्या एका माणसाचे व्हिडिओ बघितले, सगळे. होडी व्हॅनपेक्षा सरस आहे, पार्किंगचा प्रश्नच नाही. ताईला सांगितलं. ती म्हणाली, बुटांची दुकानं पाण्यात नाहीत. मग म्हणाली, सायकल?

तिला मोठं चित्र दिसत नाही. शटर रंगवणाऱ्याला कसं दिसणार.

१२ मार्च
शास्त्रीय पद्धत सुरू. व्हॅनमधल्या पलंगाखालची जागा टेपने मोजली आणि घडी घातलेल्या सायकलीच्या मापाचं पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. हँडल, पेडल, सगळं. दिवसभर खपलो. पलंगाखाली अलगद गेलं. अख्ख्या घराला बोलावून दाखवलं. बाबा म्हणाले, छान आहे, याला चढ चढता येतो का?

बाबा त्या मिशाळाला ओळखतात की काय.

१३ मार्च
आईने मॉडेल उलगडून कुंड्यांखाली अंथरलं. विचारलं तर म्हणाली, मला वाटलं खोकं आहे.
पालथ्या घड्यावर पाणी.

१५ मार्च
आई हल्ली सकाळी बूट घालून बाहेर पडते आणि घामाघूम होऊन येते. या वयात फिरण्याचं खूळ. आज जेवताना विचारत होती, चढावर थांबलेली गाडी पुन्हा सोडताना मागे जाऊ नये म्हणून काय करतात. चला, घरात एकाला तरी तांत्रिक विषयाची आवड आहे. मी क्लचप्लेटपासून सुरुवात केली. गिअरबॉक्सचा इतिहास सांगितला. चित्र काढलं. शेवटी ती म्हणाली, म्हणजे हँडब्रेक ओढून ठेवायचा, एवढंच ना?

एवढंच नाही. पण सोडून दिलं.

१७ मार्च
दुकानात तिसरी फेरी. मिशाळ म्हणाला, या साहेब, आज कुठली घ्यायची नाही? दुकानातले दोन लोक हसले. त्यांच्याकडे साध्या सायकली होत्या.

१८ मार्च
ताईने व्हॅनच्या मागे लोखंडी स्टँड वेल्ड करून घेतला. म्हणे, असू दे, लागेल काहीतरी टांगायला. रंगाचे डबे बाहेर टांगणार बहुतेक. झाकणं उडतील तेव्हा कळेल. बाबा दिवसभर त्यांच्या जुन्या साध्या सायकलीची चेन तेल पाजून चकाकवत बसलेत. निवृत्त माणसाला वेळ घालवायला काहीही चालतं. दोघांच्याही कामात मी लक्ष घातलं नाही.

२० मार्च
ताईने स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर सांगितलं, २८ ला सकाळी नऊला निघणार. सायकल असो नसो. तू असो नसो.
ड्रायव्हरशिवाय कशी निघशील, असं विचारणार होतो. उगाच चारचौघांत तिची शोभा नको.

आईची आज कसली तरी टेस्ट होती. पास झाले म्हणाली आणि पेढे वाटावेत तसा चेहरा करून हिंडत होती. रक्ताची असणार. ताईने तिला मिठी मारली. या बायका कशावरही भावुक होतात.

२३ मार्च
निर्णय झाला. घेतली. रंग करडा, कारण करडा रंग गंभीर दिसतो. मिशाळ शेवटच्या क्षणीही म्हणाला, घडी घालून दाखवू का? मी म्हटलं, मॅन्युअल वाचलंय.

घरी आल्यावर घडी घातली. बोट चिमटलं. पुन्हा उघडली. घडी घातली. अंगठा. सायकल बावीस किलोची आहे हे वाचलं होतं, पण वाचलेले बावीस किलो आणि उचललेले बावीस किलो यांत फसवणूक आहे. कंपनीला लिहायचं.

२४ मार्च
पलंगाखाली जात नाही. मॉडेल बरोबर होतं, सायकल चुकलीये. हँडल चार बोटं बाहेर राहतं आणि व्हॅनचं सरकतं दार त्यावर आपटतं. ताईला सांगितलं, पलंग थोडा उचल. ती म्हणाली, पलंगाला मी स्क्रू मारलेत, तुझ्या सायकलीसाठी मी झोप उंच करणार नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, अरे, घे ना बदलून, अजून चार दिवस आहेत.

दया दाखवत होती. ती मला नको.

२७ मार्च
चार दिवस विचारात गेले. घाईघाईत निर्णय घेणाऱ्यांचं काय होतं ते २३ तारखेला बघितलंच.

आता पक्कं. उद्या पहाटेच उठून सायकल दुकानात न्यायची आणि एक नंबर लहान मॉडेल घेऊन नऊच्या आत परत. आज बॅटरी काढून व्हॅनच्या इन्व्हर्टरला चार्जिंगला लावून ठेवलीये. व्हॅनमध्ये ती चार्ज होते की नाही हे इतक्या दिवसांत कोणी तपासलंच नव्हतं. सगळं मीच बघायचं.

२८ मार्च, सकाळ
उठायला जरा उशीर. व्हॅनमध्ये ताई आणि आई सामान लावत होत्या, आई निरोपाच्या तयारीत फारच गुंतलेली. ताई म्हणाली, आता कुठे निघालास, नऊ वाजतील. मी म्हटलं, थांबतील. बॅटरी राहू दिली, तेवढंच वजन कमी. उतारावर सायकल मोटरशिवायही सुरेख पळते. हे रिव्ह्यूमध्ये कोणीच लिहिलेलं नाही.

दुकान दहाला उघडतं.

२८ मार्च, दुपार
मिशाळ म्हणाला, बॅटरीशिवाय बदलून देता येत नाही साहेब, नियम आहे. त्याच्याशी बराच वेळ वाद घातला आणि तत्त्वाच्या मुद्द्यावर जिंकलो. सायकल तीच राहिली.

परत येताना चढ. मोटर नाही. अख्खा चढ ढकलत आणली. चढाच्या मध्यावर आमची व्हॅन समोरून उतरताना दिसली. हात केला, कारण आपली व्हॅन ओळखीची वाटली. स्टिअरिंगवर आई होती. पाठ ताठ, दोन्ही हात चाकाला चिकटलेले, नजर समोर. तिने माझ्याकडे बघितलं नाही. शिकाऊ माणसाने बघूही नये. ताईने खिडकीतून बघितलं. मागच्या स्टँडवर बाबांची साधी सायकल बांधलेली होती, चेन चकाकत होती.

घरी बाबा पायरीवर बसलेले. म्हणाले, वरातीमागून घोडं ऐकलं होतं, घोडं ढकलत आणलेलं आज पाहिलं.

मी म्हटलं, थांबायला काय झालं होतं. ते म्हणाले, पावणेअकरा वाजेपर्यंत थांबल्या होत्या. ताई म्हणत होती अजून थांबू. तुझी उशीसुद्धा ठेवली होती तिने व्हॅनमध्ये. शेवटी आईच म्हणाली, ऊन चढलं की मला चालवायची भीती वाटेल.

२८ मार्च, संध्याकाळ
ताईचा मेसेज: बॅटरी फुल झाली. इन्व्हर्टर उत्तम चालतो. तू बरोबर होतास.
उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आईला म्हणावं चढावर हँडब्रेक, एवढंच पाठवलं.

२९ मार्च
काकांचा फोन. सोमवारी गोदाम. बाबा म्हणाले, सायकल आहे की जायला. मी म्हटलं, बॅटरी नाही. ते म्हणाले, पेडल आहेत ना?

अंगणात व्हॅन होती तिथे तेलाचा डाग आहे आणि बाजूला पुठ्ठ्यावर कुंड्या. कुंड्यांना पाणी घातलं, कोणी सांगितलं नसताना.

सायकल आत आणली. या वेळी बोट चिमटलं नाही. घडी घालून माझ्या पलंगाखाली सरकवली. पहिल्या झटक्यात बसली.