कोठीच्या किल्ल्या

आई, काल संध्याकाळी नालवाडीच्या आपल्या घरी गेले होते. दाराबाहेरच्या ओट्यावरचा दिवा लावला, किल्ल्यांचा जुडगा वाजवला, आणि दिव्याभोवती फिरणारे दोन-तीन पतंग टपकन खाली पडले. सेलूच्या वसतिगृहातही असेच पडायचे. तिथे तू मुलींचा स्वयंपाक करायचीस, कोठीच्या किल्ल्या तुझ्या कमरेला असायच्या आणि शाळा सुटली की मी तुझ्या चुलीशी येऊन बसायचे. "पाय बरं, अधीक्षिका बाईपेक्षा मलेच जास्त भेतेत हे पतंग," म्हणून तू हसायचीस. स्वयंपाकाच्या वेळी कोठी उघडी असते, एखादी मुलगी आत शिरून गूळ-शेंगदाणे खात असते आणि तू पीठ आणायला निघतेस. कोपऱ्यावर आलीस की तू मुद्दाम जुडगा वाजवतेस. आत पळापळ होते, तू पोचतेस तेव्हा कोठी रिकामी. चोर सापडत कसा नाही म्हणून अधीक्षिका बाईंनी एकदा सगळ्यांसमोर तुला फाडून खाल्लं. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. घरी येताना मला म्हणालीस, "सापडली त नाव सांगा लागते. नाव सांगतलं त पोरीले घरी धाडतेत. मंग शिकन कवा थे?"

आता मी विज्ञान शिकवते. पतंगाला कान असतात, आई. शिकार शोधणाऱ्या वटवाघळाचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्याला येतो. वटवाघूळ लांब असलं तर पतंग वळून निघून जातो, अगदी जवळ आलं तर पंख मिटून जमिनीवर पडतो. किल्ल्यांच्या खुळखुळाटातही तसला आवाज असतो. तुला हे सांगायचं राहून गेलं. पोटातली गाठ तुला दिवाळीतच कळली होती. मला कळली ती उन्हाळ्यात, डॉक्टरांच्या तोंडून, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. काऊन नाही सांगितलंस म्हणून मी किती भांडले! "तुही परीक्षा होती न बाई," एवढंच बोललीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. मला त्याचा राग आहे, इतक्या वर्षांनीही आहे. परक्या पोरींना तू कोपऱ्यावरून सावध केलंस, मला एकदाही नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. नालवाडीच्या दारात मी दर वेळी आधी जुडगा वाजवते, थोडी थांबते आणि मगच कुलूप काढते. आत कोणी नाही, हे मला माहीत असतं.