सावली भाचीची, आवाज मामाचा

३ जून
ताईचा फोन. "पोरगी दिवसभर खोलीत पडून असते रे! कॉलेज सोडलं, मैत्रिणी तोडल्या. तूच काहीतरी कर." मी! जो वार्ताहर घराबाहेर पडतो तो फक्त कचरा टाकायला. बातम्या फोनवर घेतो, फोनवर देतो. संपादक मला 'गृहस्थाश्रमी प्रतिनिधी' म्हणतात. आमची ही देवाघरी गेल्यापासून तेच बरं वाटतं.
ताई म्हणे, जुन्या लाँड्रीत तरुण पोरांसाठी नाटकं बसवतात. "बातमीच्या निमित्ताने ने तिला. तू असलास तर येईल."
बघू.

७ जून
गेलो. भाची मागून, मान खाली, हूं की चूं नाही. लाँड्रीतल्या सिमेंटच्या टाक्या तशाच आहेत — एकीत बसून दोघी मुखवटे रंगवत होत्या, दुसरीत कुणीतरी गाणं घोकत होतं. आवाज छान घुमतो म्हणे!
ही जागा चालवणाऱ्या बाई भेटल्या. गोड चेहरा, फौजदारी आवाज. "इथे नुसतं बघत बसायचं नाही. काम करायचं." म्हटलं, मी पत्रकार आहे. "असू दे. आवाज बरा आहे तुमचा."
सावल्यांचं नाटक आहे. चादरीमागे एकाने हातवारे करायचे, बाजूला बसून दुसऱ्याने बोलायचं. भाचीची सावली, माझा आवाज — मिळून एक राक्षस! बोलायचं नाही म्हटल्यावर ती तयार झाली. अंधारात दिव्याचं बटणही तिलाच सापडलं. चलाख आहे.

११ जून
राक्षसाच्या तोंडी दोन लांबलचक समास घातले. पोरं ओरडली, "काका, राक्षस आहे तो, प्राध्यापक नाही!" आणि भाची हसली! ताईला ताबडतोब कळवलं. "हो का?" म्हणाली. आईला याहून जास्त आनंद व्हायला हवा होता.

१५ जून
आजही गेलो. कालही. भाचीसाठी, अर्थात.

२१ जून
प्रयोग! लाँड्री खच्चून भरलेली. शेवटचा प्रवेश: राक्षस शहरातली दारं ठोठावत फिरतो. माझं वाक्य सोपं — "आहे का कुणी घरात?" शाळेतली संस्कृतची सगळी शब्दरूपं आजही झोपेत म्हणेन, पण हे चार शब्द काही निघेनात. घरातली हिची रिकामी खोली डोळ्यांपुढे आली. सावली हात वर करून थांबलेली.
आणि सावलीच बोलली! मोठ्याने — "आहे! मी आहे ना!"
टाळ्या थांबेनात. भाची बोलली! मी रडलो. धुळीमुळे.
बातमी पाठवली. मथळा: 'घरात कोंडून घेतलेलं माणूस नाटकाने बाहेर काढलं.'

२२ जून
बाईंचा फोन. "पुढच्या नाटकाला याल ना?" म्हटलं, भाचीला विचारतो. त्या हसतच सुटल्या. "तिला काय विचारता? ती थंडीपासून येतेय इथे! तेव्हा खरंच तोंड उघडत नव्हती. आता लहान मुलांना तीच शिकवते. मायलेकींना एकच घोर होता — मामाला घराबाहेर काढायचं कसं?"
बातमी पुन्हा वाचली. मथळा बदलायची गरज नाही.