भिंतीवरचे दोन सेल

५ फेब्रुवारी १९७४, मंगळवार

पेटला! माझ्या हातानं पेटला!

तपासणीला साहेब येणार म्हणून विजेचा धडा करून दाखवायचं मनात होतं. गावात अजून वीज नाही. पोरांनी बल्ब पाहिला तो औंढ्याला, दुकानात. शाळेत नुसतं चित्र. सेल आणू कुठून? घरात दोन आहेत — आत्याबाईंच्या बॅटरीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गावच्या सुईण. गावात, तांड्यात, कुणाचंही बाळंतपण असो, बॅटरी घेऊन त्याच निघतात. मागितले असते तर ‘ते खेळायला न्हाईत’ म्हणाल्या असत्या. रोज सकाळी सेल काढून भिंतीवर उन्हात ठेवतात, जोर टिकतो म्हणे. त्या शेतात गेल्या अन् मी भिंतीवरूनच उचलले. बॅटरीतला बल्बही काढून घेतला.

जुन्या कॅलेंडरच्या कागदात दोन्ही सेल एकापुढं एक गुंडाळले, वायर लावली, बल्ब टेकवला. पोरं श्वास घ्यायची विसरली. एक पोरगी म्हणाली, बाई, यात रॉकेल कुठून जातं? साहेब हसले, ‘छान’ म्हणाले अन् गेले.

तिथंच सेल काढायला हवे होते. पण गाव जमलं. सरपंच आले. माझ्या हातचं पाणी ज्यांनी कधी घेतलं नाही, तेही माझ्या टेबलाशी वाकून बघत होते. दारात, खिडकीत माणसंच माणसं. मग काढवेना. दुपारभर जळत ठेवला.

संध्याकाळी बघते तर बिडीच्या टोकासारखा लाल. गुपचूप सगळं बॅटरीत परत घातलं. उद्या ऊन दाखवलं की होईल नीट.

६ फेब्रुवारी

काय लिहू.

रात्री तांड्यावरून खेमा आला. बायको रूपाबाई अडली होती. आत्याबाई बॅटरी घेऊन निघाल्या. मी जागी होते. पांघरुणातून ऐकत होते. ‘थांबा, कंदील घ्या’ एवढं तरी म्हणायचं! तेवढंही मी म्हणाले नाही.

नाल्यात बॅटरी विझली. दगडावर पडल्या, उजवं मनगट मोडलं. तशाच तांड्यावर गेल्या. एका हातानं अन् बाकी तोंडानं सांगून रूपाबाईला मोकळी केली. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मग खेमानंच बैलगाडीनं दवाखान्यात नेलं. प्लास्टर घातलंय.

८ फेब्रुवारी

शेजारच्या भागूबाई बघायला आल्या. अशा कशा पडलात म्हणाल्या. आत्याबाई म्हणाल्या, ‘माझंच चुकलं. सेल उन्हात बराबर ठेवले न्हाईत मी.’

मी चुलीपाशीच होते. चहात साखर दोनदा पडली. दोघींनी तसाच पिऊन टाकला.

१० फेब्रुवारी, रविवार

हे सिद्धेश्वरहून आले. धरणावरची नोकरी, रविवारीच घरी. आईवर चिडले. या वयात अंधारात जायची गरज काय, तांड्यावरच्यांना दुसरं कुणी भेटत नाही का. त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. बोलणी माझी होती, खाल्ली त्यांनी. अन् मी भाकरी थापत राहिले. थू माझ्यावर!

१७ फेब्रुवारी

त्यांची वेणी मी घालते, लुगडं मी नेसवते. आज म्हणाल्या, ‘पोटात लेकराचं डोस्कं खाली फिरलंय का, हे या बोटांना कळायचं. आता कळंल का गं?’ मी कळेल म्हणाले. मला काय कळतं त्यातलं!

जवळा बाजारहून नवे सेल मागवले अन् न सांगता बॅटरीत घातले. त्यांनी डाव्या हातानं बटण दाबून उजेड भिंतीवर पाडला. खूप वेळ बघत बसल्या. मला वाटलं आता विचारतील. विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी

साहेबांचा शेरा आला — ‘उपक्रमशील शिक्षिका’. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर वाचला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

११ मार्च

प्लास्टर निघालं. बोटं मिटत नाहीत.

१३ मार्च, बुधवार

काल दिवेलागणीला तांड्यावरून शंकरसिंग आला. बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. मला वाटलं, आत्याबाई हात दाखवून त्याला परत पाठवतील. त्यांनी पदर खोचला, खुंटीवरची बॅटरी काढली अन् माझ्या हातात दिली.

‘चल. मी सांगंन तसं करायचं. आता हात तुझे.’

 मला रडूच फुटलं. आत्याबाई, ते सेल — एवढंच निघालं तोंडातून. शंकरसिंग अंगणात होता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्या अगदी जवळ आल्या.

‘ठावं हाय. त्या दिशी शेतातून येताना शाळेच्या खिडकीत मी बी उभी होते. सारं गाव तुला बघून राहिलं होतं. बंद कर म्हणायचं माझ्याच जिवावर आलं.’

मी बॅटरी लावली अन् त्यांच्या पुढं झाले.