आत्यांची भूकंपाची भीती

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.

"पोरींनो, आपलं पठार लई जुनं हाय. ते हालत न्हाय." सहावीत गुरुसिद्धप्पा सर म्हणाले होते. भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून. जपान हालतं, हिमालय हालतो, आपण नाही. सर खोटं बोलले नव्हते. तेव्हा सगळे हेच सांगायचे. ही गोष्ट ऑगस्ट त्र्याण्णवची. सप्टेंबर संपता संपता पठार हाललं.

आज हे आठवलं ते आत्यांच्या खोकल्यामुळं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, रुद्रम्मा. काल उमरग्याच्या डॉक्टरांनी त्यांची छाती बराच वेळ तपासली. म्हणाले, निमोनिया होता होता राहिलाय. आजींना पत्र्याखाली झोपवू नका, हा गारठा त्यांना झेपणार नाही. तुमचं तर स्लॅबचं घर आहे ना?

आहे. चांगलं आहे. यांनी हौसेनं बांधलंय. (हे म्हणजे सोमेश. डायरीत नाव लिहिलं तर चालतं.) पण मी आणि आत्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत झोपतो. माझं लग्न झालं तेव्हापासून. कारण आत्यांना भूकंपाची भीती आहे.

संकल्प: आत्यांची भीती घालवणे. शास्त्रीय पद्धतीनं. मुरुमच्या शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवतेय, घरातल्या एका माणसाला शिकवता येणार नाही? फार तर एक आठवडा लागेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

सरळ विचारलं. आत्या, भीती वाटते ना तुम्हाला? म्हणाल्या, कशाची? म्हटलं, भूकंपाची. म्हणाल्या, त्या टायमाला म्या अक्कलकोटला व्हते, भावाकडं. पातेली वाजली. मांजर शिरलं आसंल म्हनून कूस बदलून झोपले.

भित्री माणसं कधीच कबूल करत नाहीत. वरून अगदी शांत असतात. मला हे लगेच ओळखू येतं, शिक्षकाची नजर. (वर्गातसुद्धा मी दाराजवळ उभी राहून शिकवते. तिथून सगळी मुलं दिसतात.)

२० नोव्हेंबर, गुरुवार.

पाठ पहिला. साधन: दूध.

मंद आचेवर ठेवलं, साय धरू दिली. सांगितलं, आत्या, पृथ्वीचं कवच अखंड नाही. त्याचे असे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना प्लेट म्हणतात. खाली दुधासारखं पातळ काही नाही बरं का, खडकच आहे, पण इतका तापलेला की तो फार फार सावकाश सरकतो. त्याच्यासोबत हे तुकडेही सरकतात. (मुलं पेपरात 'खाली लाव्हा उकळत असतो' लिहितात. मी मार्क कापते.) हा तुकडा आपला. पूर्वी आफ्रिकेला चिकटून होता. सुटला, समुद्रातून वर वर आला आणि आशियाला धडकला. चमच्यानं एक साय दुसरीवर ढकलली. छान सुरकुती पडली. म्हटलं, हा हिमालय.

आत्या म्हणाल्या, मंजी आपून समदी सायीवर बसलोय व्हय? म्हटलं, जाड सायीवर. म्हणाल्या, जाड हाय तर भ्यायचं कशाला, आन हिकडं.

हिमालय त्यांनी साखर घालून खाल्ला. छातीत कफ असताना. यांना सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार.

आज आत्यांनी स्वतःहून प्रश्न विचारला. हुशार विद्यार्थी असाच विचारतो. धडक तिकडं हिमालयात, तर आपल्याकडं कसं हाललं?

बाज ओढत आणली. पुढचे पाय भिंतीला टेकवले. म्हटलं, ही भिंत म्हणजे आशिया. मी मागून ढकलते. भिंत सरकत नाही, मीही थांबत नाही. आपला देश अजून ढकलतोच आहे, वर्षाला चारपाच सेंटिमीटर, नखं वाढतात तसा. तो ताण सगळ्या बाजेत भरतो. मग मध्येच कुठं लाकूड आधीपासून चिरलेलं असेल, ते एक दिवस मोडतं. वरून दिसतही नाही कुठं चिरलंय ते.

आत्या बाजेकडं बघत बसल्या. म्हणाल्या, ढकलाढकली तिकडं आन् मोडायचं हितं? मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. का, ते कळलं नाही. बहुतेक विषय पटला.

झोपायच्या आधी नेहमीप्रमाणे पेल्यावर पेला उलटा ठेवला. जमीन हालली की पडतो, आवाज होतो. भूकंपानंतर आमच्या गावात घरोघरी ठेवायचे. शास्त्रीय वगैरे काही नाही, पण आत्यांना बरं वाटतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

खोकला वाढला. अंगात कणकण आहे. एक आठवडा उलटून गेला, पण घाई करून चालत नाही. आतली खोली आधी तयार हवी.

माळा रिकामा केला. डोक्यावर डबे नकोत. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. लग्नाचा फोटो उतरवला. पलंग दाराजवळ ओढला. यांनी विचारलं, घर सोडून चाललोय का आपण? म्हटलं, तुमच्या आईसाठी चाललंय सगळं. त्यांनी घड्याळ पुसून कपाटात ठेवलं.

खोलीला अजून रंगाचा वास येतो. रंग दिवाळीच्याही आधी दिलाय, पण माझं नाक तिखट आहे.

३ डिसेंबर, बुधवार.

यश!

संध्याकाळी हे एवढंच म्हणाले, आई, आत झोपायला चल. आत्या बरं म्हणाल्या, उशी काखेत मारली आणि गेल्या. मागं वळूनही पाहिलं नाही. शास्त्रीय दृष्टिकोन एकदा रुजला की असं होतं. सायीचा पाठ शाळेतही घ्यावा.

मी मात्र तूर्त बाहेरच. दोघींनी एकदम जागा बदलली तर त्यांच्या मनावर ताण येईल. टप्प्याटप्प्यानं. शिवाय आत मोबाईलला रेंज नाही.

४ डिसेंबर, गुरुवार. सकाळ.

डोळे उघडले तर आत्या शेजारच्या बाजेवर. घोंगडी डोक्यावरून घेऊन खोकत होत्या. विचारलं, का आलात? म्हणाल्या, तू एकटी हितं. म्हटलं, मला काय होतंय? म्हणाल्या, तुला काय व्हत न्हाय, मला झोप लागंना.

म्हणजे भीतीच. परत पहिल्यापासून.

चहा घेताना यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, दीपा, आईला कधीच भीती नव्हती. लग्नानंतर तू आतल्या खोलीत दाराला पाठ लावून बसून राहायचीस. एक दिवस आईच म्हणाली, मला घरात गुदमरतंय, म्या पत्र्यात निजते, सूनबाईला सोबतीला दे. नव्या पोरीला कुणी भित्री म्हणू नये म्हणून. शपथ घातली होती मला. पण आता तिचा श्वास ऐकवत नाही. आणि ते पेले, ते तूच ठेवतेस.

एवढं सलग ते दुकानात गिऱ्हाइकाशीसुद्धा बोलत नाहीत.

त्यांची काहीतरी गल्लत होतेय. त्या खोलीचं मला फक्त ऊन आठवतं. लग्न मे महिन्यातलं. उकाड्यात कुणीही दाराशी बसेल.

इतकी वर्षं हे आत एकटे झोपतात. हा विचार आज पहिल्यांदाच मनात आला. शाळेला उशीर झाला.

७ डिसेंबर, रविवार. दुपार.

यांचा गैरसमज दूर करायचा म्हणून ठरवलं. आज दुपारी आत झोपायचं. दिवसाउजेडी, आत्यांच्या शेजारी. शिवप्रियाला सोलापूरला होस्टेलवर फोन करून सांगितलंही. ती म्हणाली, मम्मी, तू? मग म्हणाली, फोटो पाठव.

उशाशी पेल्यावर पेला ठेवून आडवी झाले. मनातल्या मनात उजळणी केली. कॉलम आहेत. बीम आहेत. खिडक्यांच्या वर सलग पट्टा आहे, लोखंड घालून. ही दगडमातीची भिंत नव्हे, जमीन हालली तर सगळं घर एकसंध हालेल. आत्यांना डुलकी लागली.

मग पेले वाजले.

मी अंगणात होते. पायात चप्पल नाही. छातीशी उशी. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मागं दोन ट्रॉल्या, गाणी मोठ्यानं लावलेली.

आत्या आत होत्या.

त्या भिंत धरून हळूहळू बाहेर आल्या. गुडघ्यांमुळं वेळ लागला. पायरीवर थांबून धाप टाकली. म्हणाल्या, टॅक्टर हाय गं, कारखान्याचा. मग माझ्या हाताकडं बघून हसल्या. उशी तेवढी वाचिवलीस बघ.

मलाही हसू आलं. मग थांबेना. मग ते हसू राहिलं नाही. आत्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, जोरात.

फोटो पाठवला नाही.

८ डिसेंबर, सोमवार.

शाळेत गेले नाही. डोकं दुखतंय.

त्या वर्षी आम्ही पोरी गणपतीचं विसर्जन बघून आलो आणि अंगणातच झोपलो. आई आत होती, धाकट्याला कुशीत घेऊन. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जाड माळवद. मुलांना मी दरवर्षी सांगते, भूकंपानं माणसं मरत नाहीत, घरं पडून मरतात. मुलं अधोरेखित करतात.

एवढंच. यावर लिहायचं नाही असं पूर्वीच ठरलंय.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

निमोनिया. या वेळी डॉक्टरांनी 'होता होता' म्हटलं नाही. ॲडमिट करू म्हणाले. आत्या म्हणाल्या, सुया घरीच टोचा. मग डॉक्टर माझ्याकडं वळले, मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, निदान खोलीत ऊब तरी ठेवा. मी मान हलवली.

घरी आल्यावर यांनी पलंगावर दोन गाद्या घातल्या. आत्या त्यावर दिवसभर राहिल्या. दिवे लागले तशा उठल्या आणि पत्र्याच्या खोलीकडं निघाल्या. यांनी हात धरला. म्हणाल्या, दीपा आली आत की येते म्या बी. एवढं म्हणेपर्यंत दोनदा दम लागला.

यांनी हात सोडला. माझ्याकडं बघितलंही नाही.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ.

उपाय एकच उरलाय आणि तो सोपा आहे. मी आत गेले की आत्या आत येतील.

दुपारी उंबऱ्यापर्यंत गेले. आत्यांनी पलंगावर सरकून माझ्यासाठी जागा केली. पाय उचलला आणि परत ठेवला. पुन्हा उचलला. सगळं माहीत आहे मला. प्लेट कुठली, वेग किती, ताण कुठून येतो. पायाला त्यातलं काहीच माहीत नाही. परत अंगणात आले. आत्यांनी हाक मारली नाही.

या डायरीत जागोजागी 'आत्यांची भीती' असं लिहिलंय. आता खोडत बसत नाही.

आत्ता त्या बाहेर आल्यात. पत्र्याच्या खोलीत बाजेवर बसल्यात, घोंगडी मांडीवर घेऊन, मी लिहून उठायची वाट बघत. श्वासाचा आवाज इथपर्यंत येतोय. उठून विचारणार आहे. नाहीच म्हणतील, इतकी वर्षं ओळखते त्यांना. तरी विचारणार: आत्या, मी बाहेर राहिले तरी तुम्ही आजच्या दिवस आत झोपाल का?