पॅकिंग शेडची पट्टी

उरवडे, गुरुवार, संध्याकाळ

सकाळी भांडी घासून, धुणं वाळत घालून कारखान्यात गेले. जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसातल्या माईकवरून बायकांना पेपर वाचून दाखवते. तिन्ही शेडच्या स्पीकरचे आवाज आता तिथल्या कॉम्प्युटरवरून लहानमोठे होतात, पडद्यावर प्रत्येकाची एक पट्टी. आज सुट्टीच्या आधी तिथं एकटीच होते. कुठंच ऐकू जाऊ नये म्हणून सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या आणि माईकवर उखाण्यात ह्यांचं नाव घेतलं. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. मग बघते तर पॅकिंगची पट्टी वरच राहिली होती! विधवेनं नाव घेतलं, आता बायका काय म्हणतील? तोंड लपवून बसले.

पॅकिंगमधली शेवंता दारात आली. "मावशे, मशिनीच्या आवाजात निम्मंच ऐकू आलं. पुन्यांदा घे की!"

हसावं का रडावं? हसलेच. पण ती पट्टी... खरंच चुकून राहिली?

शुक्रवार

तिन्ही पट्ट्या वर केल्या, नाव घेतलं, मग पेपर वाचला.